शिकवणी एकालाच का?

ऑटिझम असलेल्या मुलांना सामाजिक कौशल्ये शिकवावीत की शिकवू नयेत, हा वाद पालकांच्या सभांतून आणि थेरपी सेंटरबाहेरच्या बाकांवर गेली काही वर्षे फार तावातावाने चालला आहे, आणि तो चुकीच्या वळणाने चालला आहे असे मला वाटते. एक बाजू म्हणते की जग आपल्या मुलासाठी बदलणार नाही, तेव्हा त्याला होईल तितक्या लवकर चारचौघांसारखे वागायला शिकवा. दुसरी म्हणते की चारचौघांसारखे वागायला लावणे हीच मुळात जबरदस्ती आहे, तेव्हा त्याला आहे तसा राहू द्या. त्या बाकांवर मी १३ वर्षे बसले आहे. माझा मुलगा आज १६ वर्षांचा आहे. दोन्ही बाजूंची माणसे मी जवळून पाहिली आहेत आणि दोघांच्याही पोटात मुलाबद्दल माया आहे, याविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे असे की शिकवलेच पाहिजे. पण बोलणे-वागणे हा दोघांमधला व्यवहार असताना शिकवणी मात्र आपण त्यातल्या एकालाच लावली आहे, आणि तीही ज्याला तो व्यवहार अधिक जड जातो त्याला. वर्गमित्र, शिक्षक, शेजारी, मामा-मावश्या यांना एकही धडा नाही. जोवर ही दुसरी शिकवणी सुरू होत नाही, तोवर पहिलीतून मुलाच्या हाती बहुतेक वेळा सोंगच येते.

या एकतर्फीपणाचे मूळ थेट नावापर्यंत जाते. १९११ च्या सुमारास स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून 'ऑटिझम' हा शब्द रूढ केला तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी, बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आपल्यातच बुडून जाण्याचे लक्षण सांगण्यासाठी. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला. मराठीने त्याचे भाषांतर इतके चोख केले की मूळ गैरसमजही तंतोतंत उतरला: स्वमग्नता. माझा मुलगा चार वर्षांचा असताना हा शब्द पहिल्यांदा ऐकून शेजारच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच नादात असतो होय? मग तो नाद मोडायला हवा." शब्दाने त्यांना जे सांगितले तेच त्या बोलत होत्या. पण जो मुलगा मिक्सर सुरू झाला की गच्चीपर्यंत पळत जायचा, जिन्यातल्या नुसत्या पावलांवरून मी चिडले आहे की थकले आहे हे ज्याला कळायचे, तो स्वतःत मग्न कसा? त्याच्यापर्यंत जग पोचत नव्हते असे नाही. ते त्याच्यावर कोसळत होते. परंतु नावानेच एकदा आरोप ठेवला की बिघाड त्याच्या आत आहे हे गृहीत धरून पुढचा सगळा अभ्यासक्रम आखला जातो.

आय काँटॅक्टचेच घ्या. आमच्या पहिल्या सेंटरमध्ये रोज अर्धा तास हाच धडा असे. बुटके निळे टेबल, समोर ताई, ताईंच्या कपाळापाशी धरलेली चॉकलेटची रंगीत गोळी, "माझ्याकडे बघ" हे वाक्य, नजर वर आली की गोळी तोंडात आणि तक्त्यात बरोबरची खूण. महिन्याअखेर कागदावर १० पैकी ८ आले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पुढे तो ११ वर्षांचा असताना अभ्यास घेता घेता मी त्याला म्हणाले, "इकडे बघ, म्हणजे नीट ऐकू येईल." वहीत मान घालूनच तो म्हणाला, "बघितलं की ऐकू येत नाही. दोन्हींतलं एक सांग." तो नजर चुकवत होता ती माझे बोलणे नीट ऐकता यावे म्हणून, आणि आम्ही कित्येक वर्षे त्याला न ऐकण्याबद्दल बक्षीस देत होतो. त्याहून पुढची गोष्ट मला आणखी उशिरा उमगली. तो डोळ्यांत पाहायला शिकलाच नव्हता. तो दोन भुवयांच्या मधोमध पाहायला शिकला होता, कारण गोळी तिथे धरलेली असे. ऑटिस्टिक असलेल्या अनेक मोठ्या माणसांनी डोळ्यांत पाहण्याच्या त्रासाविषयी हेच सांगितले आहे. आम्ही ते ऐकायला तयार होतो कुठे?

आणि हा धडा तरी कोणत्या समाजाचा? मराठी घरात वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणे हे आजही उद्धटपणाचे समजले जाते. "डोळे वर करून बोलतोस?" हे वाक्य लहानपणी ज्याने ऐकले नाही असा माणूस आपल्यात विरळा. आपला नमस्कारच मुळी वाकून करायचा, नजर समोरच्याच्या पायांवर ठेवून. तरी अमेरिकेतल्या वर्गांसाठी तयार झालेले तक्ते जसेच्या तसे आणून आपण मुलांकडून हस्तांदोलन, स्मित आणि "हाऊ आर यू"चे उत्तर घोकून घेतो. आमच्या सोसायटीत कोणी तसे विचारत नाही. फाटकाजवळचे काका "काय, आलास शाळेतून?" असे विचारतात. दप्तर पाठीवर दिसत असताना हे विचारायचे कशाला, या कोड्याने माझा मुलगा रोज थबकायचा, आणि काकांना वाटायचे, पोराला बोलायचे नसते.

आपली भाषा तर अशा न सांगितलेल्या नियमांनी ठासून भरलेली आहे. निघताना आपण "येतो" म्हणतो. दुकान बंद केले की ते "वाढवले" म्हणतो, बांगडी फुटली तरी "वाढली" म्हणतो. पंगतीतल्या पाहुण्याचे "पुरे" म्हणजे अजून एक पोळी वाढायची असते आणि आईचे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याचा मामा "येतो रे" म्हणून निघाला, आणि हा दाराबाहेरच्या पायरीवर दीड तास बसून राहिला. हाक मारली तर आत येईना. शेवटी मी दंडाला धरून उठवले तेव्हा किंचाळून त्याने जमिनीवर डोके आपटले. त्या दिवशीच्या नोंदवहीत माझ्याच अक्षरात 'कारण नसताना मेल्टडाउन' असे लिहिलेले आहे. कारण होते. मामाने शब्द दिला होता आणि तो पाळला नव्हता. इथे कौशल्य कमी पडले ते कोणाचे? शब्दाला शब्द मानणाऱ्या मुलाचे, की आपण उलटे बोलतो हे ध्यानातही नसलेल्या आम्हा मोठ्यांचे? "येतो"चा अर्थ मुलगा दोन दिवसांत शिकला. "मी आता घरी निघालोय, रविवारी परत येईन" असे सांगायला मामाला दोन वर्षे लागली.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. "जग बदलणार नाही" असे म्हणणाऱ्यांचे बोलणे हलक्याने घेण्यासारखे नाही. आमच्या बाकांवर बाकी सगळे विषय संपले की एकच प्रश्न उरतो: आमच्यानंतर याचे कोण? ऑटिस्टिक प्रौढांच्या निवासाची आणि रोजगाराची सोय जिथे मोजक्या शहरांतल्या मोजक्या संस्थांपुरती आहे, तिथे मुलाला स्वतःच्या पायावर उभे करण्याची आई-वडिलांनी घाई केली तर त्यांना बोल लावायचा कोणत्या तोंडाने? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या ७ अपंगत्वांत ऑटिझमचे नावही नव्हते. ते १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घातले. म्हणजे ज्यांची मुले आज चाळिशीला टेकली आहेत, त्या पालकांनी मुलांचे जवळजवळ सगळे बालपण कायद्याच्या लेखी अस्तित्वच नसलेल्या अवस्थेत निभावले. अशांना परदेशातल्या चळवळीची वाक्ये ऐकवून "तुम्ही मुलाचा स्वीकारच केला नाही" असे म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो तर मला पूर्णपणे मान्य आहे. पाच वर्षांच्या मुलाने अनोळखी बाईची ओढणी चाचपून पाहिली तर ती हसते. पंधराव्या वर्षी एसटीत त्याच मुलाने तेच केले तर लोक त्याला मारतात, आणि मारणाऱ्यांपैकी कोणी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र पाहायला थांबत नाही. दोन माणसांमधले अंतर, परवानगी, आपले शरीर आणि दुसऱ्याचे, वयात येणे, दार लावून करायच्या गोष्टी, हे शिकवायलाच हवे, वेळेआधी शिकवायला हवे, चित्रे काढून आणि अवयवांची नावे घेऊन शिकवायला हवे. "त्याला आहे तसा राहू द्या" म्हणणाऱ्यांकडे या प्रश्नाचे धड उत्तर नाही. पण हाच मुद्दा उलट बाजूनेही तपासून पाहावा. "काकांना पापा दे", "मावशीच्या मांडीवर बस", "सांगितलं ना, कर" असे दहा वर्षे ऐकलेले, आणि प्रत्येक वेळी ऐकल्याबद्दल गोळी मिळालेले मूल एखाद्या वाईट माणसाला नको कसे म्हणेल? दिव्यांग मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका इतर मुलांहून अधिक असतो, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर गुन्हा ठरवला आहे तो उगाच नाही. म्हणून मला विचाराल तर सामाजिक कौशल्यांच्या यादीत पहिले कौशल्य नमस्काराचे नसावे. ते "नको" म्हणण्याचे असावे, आणि मुलाने नको म्हटले की समोरच्या मोठ्या माणसाचा हात मागे गेला पाहिजे. हा दुसरा भाग मुलाला शिकवून येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की स्वीकाराची ही सगळी भाषा बोलू शकणाऱ्यांची आहे. जे मूल बोलतच नाही, रात्र रात्र झोपत नाही, स्वतःच्या हाताला चावे घेते, त्याच्या आईने ती कशी बोलावी? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. न बोलणाऱ्या मुलाला "गुड मॉर्निंग" म्हणताना हात हलवायला शिकवण्यात महिने घालवलेले मी पाहिले आहेत, आणि त्याच मुलाकडे दात दुखतो आहे हे सांगायचे काही साधन नव्हते. चित्रांचे पत्ते, टॅब्लेटवरचे बोलणारे चौकोन, खुणा, जे चालेल ते त्याच्या हाती देणे आणि घरातल्या प्रत्येकाने त्या खुणा वाचायला शिकणे हे त्याचे सामाजिक शिक्षण. तो पत्ता दाखवतो आहे आणि आजोबांना पत्ता कळत नाही, तर शिकणे कोणाचे राहिले?

आपण इथवर कसे आलो हेही समजून घ्यावे लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या थंडपणामुळे मूल असे होते या सिद्धांताने असंख्य आयांना गुन्हेगार ठरवले होते. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये तो सिद्धांत पुराव्यांनिशी खोडून काढला. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील इव्हार लोवास यांनी जाहीर केले की आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ लहान मुलांपैकी ९ जण इतर मुलांच्या बरोबरीने शाळेत जाऊ लागले. ज्या आईला कालपर्यंत दोषी ठरवले, तिला कोणी सांगितले की दोष तुझा नाही आणि कष्ट घेतले तर मूल शिकते, तर ती ४० तास बसवील नाहीतर काय करील? मीही बसवले. मुले शिकू शकतात हे लोवास यांनी दाखवले, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात मुलांना थपडा आणि विजेचे झटकेही दिले गेले होते, आणि पुढे पद्धत सौम्य झाली तरी यशाचे माप तेच राहिले: मूल इतरांतून वेगळे ओळखू येता कामा नये. हे माप मुलाच्या सुखाचे आहे, की पाहणाऱ्याच्या सोयीचे?

शिक्षणाच्या इतिहासात हे माप पूर्वीही लावले गेले आहे. १८८० मध्ये मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेने, जिच्यात जवळजवळ सगळे प्रतिनिधी ऐकू येणारे होते, असा ठराव केला की शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करावी आणि मुलांना तोंडाने बोलायला आणि ओठ वाचायला शिकवावे. हेतू अगदी आजच्यासारखाच होता: मूल ऐकणाऱ्यांच्या जगात मिसळावे. पिढ्यान् पिढ्या मुले वर्गात हात मांडीवर ठेवून उच्चार घोटत राहिली आणि वसतिगृहात दिवे गेल्यावर खुणांनी एकमेकांशी खऱ्या अर्थाने बोलत राहिली. त्या परिषदेच्या परंपरेतल्याच व्हँकूव्हर येथील परिषदेने २०१० मध्ये, १३० वर्षांनी, ते ठराव नाकारले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. भारतात सांकेतिक भाषेसाठीची राष्ट्रीय संस्था दिल्लीत उभी राहिली ती २०१५ मध्ये. उच्चार शिकवणे चूक होते असे कोणी म्हणत नाही, ज्यांना त्याचा उपयोग झाला त्यांना झालाच. चूक ही होती की ऐकू येणाऱ्या माणसाला चार खुणा शिकायला सांगणे कोणाला सुचले नाही.

कोणी म्हणेल, बहिरेपणा वेगळा आणि हे वेगळे. ऑटिस्टिक माणसाला समोरच्याचे मन वाचता येत नाही, हा त्याचाच उणेपणा नव्हे काय? डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये याला साधे उत्तर दिले: न कळणे दोन्हीकडून आहे. एडिंबरामध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट पुढे सरकवायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. पुढे अधिक माणसे घेऊन केलेल्या प्रयोगात मिश्र साखळीचा हा तोटा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ऑटिस्टिक माणसे आपापसांत मागे पडत नाहीत हे दोन्ही वेळा खरे ठरले. नोआ सॅसन यांचा २०१७ चा अभ्यास मला याहून बोलका वाटतो. ऑटिस्टिक माणसांची काही सेकंदांची चित्रफीत पाहून लोकांनी ठरवले की यांच्याशी बोलावेसे वाटत नाही, यांच्याशेजारी बसावेसे वाटत नाही. त्यांचेच बोलणे नुसते कागदावर वाचायला दिले तेव्हा ही नावड दिसली नाही. बोलण्यात खोट नव्हती. ती पाहणाऱ्याच्या पहिल्या नजरेत होती, आणि त्या नजरेसाठी एकाही सेंटरमध्ये टेबल-खुर्ची मांडलेली नाही.

गटात घेतल्या जाणाऱ्या सामाजिक कौशल्यांच्या वर्गांचा उपयोग होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये अशा वर्गांच्या अनेक नियंत्रित चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा फायदा दिसला. पण तो सर्वांत मोठा होता मुलांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांत, आणि तोही मुख्यतः "काय करायला हवे ते मला माहीत आहे" या स्वरूपाचा. शिक्षकांच्या नोंदींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पोहण्याचे नियम पाठ झाले, पण विहिरीत उतरायला कोणी बरोबर घेतले नाही, अशातला हा प्रकार. उलट, दिवसभर इतरांसारखे दिसण्याची धडपड आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध ब्रिटनमधल्या प्रौढांच्या २०१८ च्या अभ्यासात आढळला आहे. एकामुळेच दुसरे होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी ज्या आईचे मूल शाळेत "अगदी शहाण्यासारखे" वागून घरी येताच दप्तर फेकून पलंगाखाली शिरते, तिला हा संबंध कागदावर वाचण्याची गरज नाही.

मग शिकवायचे कसे? आपल्या शाळांतल्या एका जुन्या दुखण्यावरून मला याचे उत्तर सुचते. वऱ्हाडातून पुण्यात आलेले मूल वर्गात "मले पाह्यजे" म्हणाले की वर्ग हसतो. एक शिक्षक त्याला "शुद्ध बोल" म्हणून खाली बसवतात. दुसऱ्या शिक्षिका म्हणतात, "घरी 'मले', पेपरात 'मला', दोन्ही मराठीच." वर्षाअखेर प्रमाण मराठी दोन्ही मुलांना येते, परंतु पहिले मूल आईच्या बोलण्याची लाज बाळगायला शिकते आणि दुसऱ्याच्या पदरात एक भाषा जास्त पडते. आणखी एखाद्या शिक्षिका असतात ज्या वर्गालाच विचारतात, "'मले' म्हणजे काय, सांगा बरं," आणि मग हसणारा वर्गही काहीतरी शिकतो. सामाजिक कौशल्ये अशी दुसऱ्या भाषेसारखी शिकवता येतात: लोक असे का वागतात ते समजावून सांगून, कुठे उपयोगी पडेल ते दाखवून, आणि घरी परतल्यावर मुलाला त्याच्या सवयीप्रमाणे हात फडफडवायला मोकळीक ठेवून. "फाटकाजवळचे काका उत्तर मागत नाहीत, तुला पाहून त्यांना बरे वाटले एवढेच ते सांगत असतात" असे मी मुलाला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्याला नियम हवा होता असे नाही. त्या प्रश्नामागचे कारण हवे होते. आता तो काकांना "हो, आलो" म्हणतो, त्यांच्या चपलांकडे पाहत. मला त्यात काही कमी वाटत नाही.

वर्गाला शिकवल्याने काय होते, याचा पुरावाही आहे. कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नेहमीच्या शाळांतल्या ६० ऑटिस्टिक मुलांबाबत हे पाहिले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केले: काही मुलांना मोठ्या माणसाने एकेकटे घेऊन शिकवले, काहींच्या बाबतीत मुलाला वेगळे न शिकवता त्याच्या वर्गमित्रांना शिकवले. वर्गातल्या मैत्रीच्या जाळ्यात मूल अधिक सामावले गेले, मैदानात एकटे पडणे कमी झाले, ते वर्गमित्रांना शिकवल्यामुळे. यावर आपल्याकडचा ठरलेला प्रश्न येईल: आमच्या वर्गात ६० मुले, शिक्षकांच्या डोक्यावर निवडणूक आणि सर्वेक्षणे, हे कोणी करायचे? अडचण खरी आहे. विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे १ आणि माध्यमिक स्तरावर १५ मागे १ असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. प्रत्यक्षात तालुक्यात फिरणाऱ्या एकाच शिक्षकाच्या वाट्याला किती शाळा येतात ते त्या शिक्षकालाच विचारावे. पदे भरण्याची मागणी लावून धरलीच पाहिजे. तरीही या दुसऱ्या शिकवणीतला बराचसा भाग पैशांचा आणि पदांचा नाही. माझा मुलगा आठवीत असताना त्याच्या वर्गशिक्षिकांनी त्याची संमती घेऊन, तो वर्गात बसलेला असताना, फक्त एक तास दिला. घंटा झाली की तो कान का झाकतो, "चल ना यार" म्हटले की का उठत नाही आणि "चल, आपण खो-खो खेळायला मैदानात जाऊ" म्हटले की का उठतो, हे त्यांनी सांगितले आणि मुलांना प्रश्न विचारू दिले. एका मुलीने विचारले, "त्याला आमच्या कोणत्या गोष्टी विचित्र वाटतात?" शिक्षिकांनी ते त्यालाच विचारायला सांगितले. त्याने वहीत सात गोष्टी लिहून दिल्या. पहिली होती: "तुम्ही सगळे एकाच वेळी बोलता आणि तरी तुम्हाला कळतं." आजवर दिलेल्या कोणत्याही थेरपीच्या अहवालात मला माझ्या मुलाविषयी इतके कळले नव्हते.

त्या अहवालांत दर वेळी एक ओळ असे: 'बसविषयी बोलणे कमी करणे.' एसटीच्या नंबरप्लेटवरून ती गाडी कोणत्या कार्यशाळेत बांधली हे तो सांगतो, एम.एच. १४ दापोडीची, एम.एच. २० चिकलठाण्याची, एम.एच. ४० नागपूरजवळच्या हिंगण्याची. दिवसातून दोनदाच बसचा विषय काढायचा, तिसऱ्यांदा काढला की बक्षीस म्हणून मिळालेले टोकन परत, असा नियम आम्ही तब्बल एक वर्ष पाळला. ज्या एका गोष्टीतून त्याची कोणाशी ओळख होऊ शकली असती तीच आम्ही मोजूनमापून बंद करत होतो. मग मी तो नियम सोडला आणि दुपारी त्याला बसस्थानकावर नेऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात चौकशीच्या खिडकीजवळच्या खांबापाशी त्याच्याच वयाचा एक मुलगा दिसला, हातात वही, वहीत आकडे. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. शेजारी शेजारी उभे राहून, तोंडे फलाटाकडे ठेवून, ते ४० मिनिटे बोलले, आणि मध्ये दोनदा माझा मुलगा मोठ्याने हसला. आमच्या तक्त्याप्रमाणे त्या भेटीला आय काँटॅक्टचे शून्य गुण. निघताना तो मुलगा "येतो" म्हणाला नाही. "उद्या साडेचारला, सोलापूर गाडी लागते तिथं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा सव्वाचारलाच जाऊन उभा राहिला, आणि साडेचारला तो मुलगा आला.